बस घेताना कोणता कागद वाचायचा: अल्टूनाचा अहवाल की आपलं टाइप अप्रूव्हल?

परिवहन समितीपुढे नव्या बसगाड्यांचा प्रस्ताव आला की कंपनी टाइप अप्रूव्हलचा, म्हणजे मॉडेल सरकारी नियमांत बसतं याचा, दाखला पुढे करते आणि तांत्रिक चर्चा बहुधा तिथेच आटोपते. दाखला हवाच, पण तो काय सांगत नाही, हे अमेरिकेतली बसगाड्यांची अल्टूना चाचणी (पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूना शहराच्या नावाने ओळखली जाणारी) शेजारी ठेवली की कळतं.

१९८० च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये नव्याकोऱ्या ग्रुमन फ्लेक्सिबल ८७० गाड्यांच्या सांगाड्याला तडे गेले आणि शेकडो बस रस्त्यावरून काढाव्या लागल्या. पुढे १९८७ च्या कायद्याने तिथल्या केंद्र सरकारच्या पैशातून घ्यायच्या प्रत्येक नव्या मॉडेलची चाचणी सक्तीची केली. पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटी ती करते. शुल्काचा ८० टक्के भार केंद्र उचलतं. १२ वर्षं किंवा ५ लाख मैल टिकायची बस वजन भरून मुद्दाम खडबडीत केलेल्या ट्रॅकवर पळवतात, म्हणजे वर्षांची झीज काही महिन्यांत दिसते. काय मोडलं, गाडी रस्त्यात बंद पडली की फक्त डेपोत दुरुस्तीला थांबली, कुठला भाग काढून बसवायला किती वेळ लागला, सगळं नोंदलं जातं. फिटरला विचारा, या शेवटच्या आकड्याची किंमत काय ते! अहवाल कुणालाही वाचता येतो आणि २०१६ च्या नियमानंतर १०० पैकी गुणही मिळतात.

आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ खाली पुण्याची एआरएआय (वाहन संशोधन संस्था), भोसरीची सीआयआरटी (रस्ते वाहतूक संस्था) यांसारख्या संस्था मॉडेल तपासून टाइप अप्रूव्हल देतात. ब्रेक, धूर, एआयएस-०५२ या बस-बॉडीच्या मानकाप्रमाणे बॉडी: भर सुरक्षितता आणि प्रदूषणावर. उत्तर पास किंवा नापास. दोन पास गाड्यांपैकी डेपोत जास्त कोण उभी राहील, हे दाखल्यावरून समजणार नाही.

मात्र एका बाबतीत आपलं पारडं जड आहे. अल्टूनात मॉडेलची एकच गाडी तपासतात, आणि ती कंपनीनेच पाठवलेली असते. आपल्या १२६-अ नियमात उत्पादन सुरू झाल्यावरही नमुने तपासायची सोय आहे.

अल्टूनाचा अहवाल आपल्या खरेदीला जसाच्या तसा लावता येणार नाही. मॉडेलं वेगळी, आणि आपली संध्याकाळची गर्दी तर वेगळीच. उचलायची ती पद्धत. प्रति किलोमीटर दराने भाड्याच्या गाड्या घेणार असाल, तर दुरुस्तीचा भार ठेकेदारावर, म्हणून हे सोडून द्यावंसं वाटेल. पण गाडी बंद पडल्यावर थांब्यावर ताटकळतो तो तुमचा प्रवासी. स्वतःच्या मालकीच्या घेणार असाल, तर प्रश्नच नाही. निविदेत दोन अटी घाला: पूर्ण बांधलेल्या, वजन भरलेल्या बसचा टिकाऊपणाचा अहवाल, आणि नेहमी बदलावे लागणारे भाग तुमच्याच फिटरांकडून घड्याळ लावून उतरवून दाखवणं. पहिल्या अटीसाठी इंदूरजवळच्या पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचे ट्रॅक आहेत. दुसरीला तुमची वर्कशॉप पुरे.