झोबेल मरीन अगर २२१६: खानदेशातल्या प्रयोगशाळेसाठी घ्यावं का?

खानदेशात समुद्र नाही. पण भुसावळवरून जाणारी तापी सुरतजवळच्या डुमसपाशी अरबी समुद्राला मिळते, आणि उधना मार्गाच्या गाडीने तिथलं पाणी बर्फपेटीतून जळगावला आणता येतं. समुद्री जिवाणूंचा प्रकल्प ठरला की पहिली खरेदी त्यांना वाढवण्याचं माध्यम असलेल्या याच पावडरीची.

प्रमाण ५५.२५ ग्रॅम लिटरला. ५०० ग्रॅमच्या डब्यात नऊ लिटर, म्हणजे २० मिलीच्या साडेचारशे प्लेट्स. छोट्या विभागाने १०० ग्रॅमच घ्यावं. यातलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढतं. पहिला पाऊस पडला की अर्धवट वापरलेल्या डब्यात मुरमासारखे गड्डे होतात. मग वजन करून उपयोग नाही, पावडरीबरोबर पाणीही तोललं जातं.

हमखास होणारी चूक म्हणजे पावडर समुद्राच्याच पाण्यात विरघळवणं. मीठ तिच्यात आधीच आहे, लिटरला १९.४५ ग्रॅम, वर बाकीचे क्षार वेगळे. समुद्राच्या पाण्यात घातली तर खारटपणा जवळजवळ दुप्पट होतो आणि वसाहती येईनाशा होतात. डिस्टिल्ड पाणीच घ्या. बोअरचं जड पाणी तर नकोच, त्याने गाळ आणखी वाढतो.

१२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) केल्यावर थोडा गाळ येतोच, त्यावरून माल खोटा समजू नये. फाजच्या, म्हणजे जिवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूंच्या, कामात मात्र तो गाळ नडतो. होस्टचं (फाज ज्यावर वाढतो त्या जिवाणूचं) ताजं कल्चर ०.१ मिली आणि ०.२२ मायक्रॉनमधून गाळलेला नमुना ०.१ मिली दहा मिनिटं एकत्र ठेवायचा, त्यात ४५ अंशांवर ठेवलेलं ०.५ टक्के अगरचं माध्यम चार मिली घालून लगेच प्लेटवर ओतायचं. हा वरचा थर गढूळ असेल तर मोहरीहून बारीक प्लाक (फाजने जिवाणू मारल्याने पडलेले स्वच्छ ठिपके) दिसतच नाहीत. म्हणून त्याच्यासाठी ब्रॉथ (अगर नसलेलं द्रव माध्यम) आधी ऑटोक्लेव्ह करून गाळ बसू द्या, वरचं नितळ ओतून घ्या, अगर घाला, पुन्हा ऑटोक्लेव्ह करा. डुमसचं पाणी गाळकट असतं. आधी साध्या फिल्टर पेपरमधून काढलं नाही तर बारीक फिल्टर दोन मिनिटांत तुंबतो.

प्लेट्स २५ ते २८ अंशांवर ठेवायच्या. मे महिन्यात आपल्याकडे खोलीच चाळिशी गाठते आणि साधा इन्क्युबेटर थंड करत नाही. थंडही करणारा बीओडी इन्क्युबेटर नसेल तर प्रकल्प डिसेंबरात घ्या.

व्हिब्रिओ, आल्टेरोमोनास, स्यूडोआल्टेरोमोनास यांच्यासाठी हे माध्यम उत्तम. काही व्हिब्रिओ मात्र सगळ्या प्लेटवर पसरतात, असा होस्ट फाजसाठी निवडू नये. आणि प्लेटवर जे दिसलं तीच समुद्रातली विविधता असं अहवालात लिहू नका. समुद्राच्या मिलीलिटरभर पाण्यात सुमारे दहा लाख जिवाणू आणि त्यांच्या दहापट विषाणू असतात; शंभरात एक जिवाणूसुद्धा या प्लेटवर येत नाही. सार-११ गटाचे, समुद्रात सर्वाधिक सापडणारे जिवाणू, इतक्या पौष्टिक अन्नावर वाढतच नाहीत.

नावं देताना जिवाणूंसाठी, सगळ्यांत असणारं, १६-एस जनुक आहे; ९८.७ टक्क्यांच्या खाली साम्य असेल तर जाती वेगळी धरता येते. विषाणूंत सगळ्यांना समान असं एकही जनुक नाही. फाजची शेपटी पाहून मायोव्हिरिडी, सायफोव्हिरिडी ही कुळनावं लिहिणं २०२२ पासून बाद झालं. सूक्ष्मदर्शकात शेपटी दिसली तर 'कॉडोव्हिरिसीटीस' या वर्गाशी थांबावं; पुढची जाती संपूर्ण जीनोमचा (सगळ्या जनुकांचा) क्रम लावून, ९५ टक्के साम्याच्या कसोटीवरच ठरते, आणि तो खर्च प्रकल्पाच्या अर्जातच धरून ठेवा.