डोक्याला मार, मणक्याला मार: स्टेरॉइड की ट्रॅनेक्सॅमिक?

रात्रीची वेळ, ग्रामीण रुग्णालयात बाइकच्या अपघातातला पेशंट आलेला, न्यूरोसर्जन दोन-तीन तासांच्या अंतरावर. १०८ निघण्याआधी कोणतं इंजेक्शन द्यायचं, हे ड्युटीवरच्या डॉक्टरलाच ठरवायचं असतं.

डोक्याच्या मारात स्टेरॉइडचा प्रश्न माझ्या मते निकालात निघाला आहे. मेंदूची सूज उतरते या समजुतीवर ते कित्येक वर्षं दिलं गेलं. २००४ साली ‘क्रॅश’ नावाच्या औषध-चाचणीचे आकडे आले: १०,००८ रुग्णांपैकी मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मिळालेले २१.१ टक्के दोन आठवड्यांत दगावले, न मिळालेले १७.९ टक्के. चाचणी अर्ध्यातच थांबवावी लागली. त्यामुळे ‘देऊन तर बघू’ म्हणायलाही जागा नाही. तरी नातेवाइकांच्या समाधानासाठी ते अजून कुठे दिलं जातं, तेव्हा जीव तुटतो.

ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचं काम वेगळं. ते झालेली गुठळी लवकर विरघळू देत नाही, म्हणून मेंदूतला रक्तस्राव वाढायचा थांबू शकतो. क्रॅश-३ चाचणीत (२०१९, १२,७३७ रुग्ण) तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांमध्ये डोक्याच्या मारामुळे १८.५ टक्के मृत्यू झाले, त्याच वेळेत पण बिनऔषधाचं इंजेक्शन मिळालेल्यांत १९.८. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. पण मार सौम्य ते मध्यम असलेल्यांत, म्हणजे ग्लासगो स्कोर (शुद्ध किती आहे याचं ३ ते १५ चं माप) ९ ते १५ असताना, मृत्यू ७.५ वरून ५.८ टक्क्यांवर आले. गंभीर रुग्णांत फायदा दिसला नाही. रक्तवाहिनीत गुठळ्या होणं किंवा फिट येणं वाढलं नाही, म्हणून मी याच्या बाजूने आहे: १ ग्रॅम शिरेतून १० मिनिटांत, पुढचा १ ग्रॅम ८ तासांत. तीन तास उलटले असतील तर सुरू करू नये. अंगात इतरत्र रक्तस्राव असलेल्यांच्या क्रॅश-२ चाचणीत उशिरा दिल्याने रक्तस्रावाचे मृत्यू वाढले होते.

मणक्याचं उत्तर इतकं सरळ नाही. १९९० च्या नॅस्किस-२ चाचणीत स्टेरॉइडचा फायदा सगळ्या रुग्णांत नव्हे, आठ तासांच्या आत औषध मिळालेल्या गटात दिसला. अमेरिकी न्यूरोसर्जननी २०१३ साली ‘देऊ नका’ म्हटलं. २०१७ च्या एओ स्पाइन या मणक्याच्या सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शनात ‘आठ तासांच्या आत आलेल्या प्रौढाला २४ तास देता येईल’ असं आलं. जंतुसंसर्गाची भीती राहतेच.

लवकर शस्त्रक्रियेचा पुरावा मला जास्त वजनाचा वाटतो, जरी रुग्ण चिठ्ठ्या टाकून वाटलेले नव्हते. मानेच्या दुखापतींच्या स्टॅसिस अभ्यासात (२०१२) २४ तासांच्या आत मज्जारज्जूवरचा दाब काढलेल्यांपैकी १९.८ टक्के सहा महिन्यांत हालचाल आणि संवेदनेच्या मापावर किमान दोन पायऱ्या सुधारले, उशिरा झालेल्यांत ८.८. म्हणून मान स्थिर ठेवा, ऑक्सिजन आणि बीपी सांभाळा, स्टेरॉइडच्या ड्रिपपायी गाडी थांबवू नका. डोकं आणि मान दोन्हींना मार असेल, तर स्टेरॉइड नकोच.

आणि रेफरच्या चिठ्ठीवर अपघाताची वेळ ठळक लिहा, शक्यतो नातेवाइकांना दोनदा विचारून. तीन तास, आठ तास, चोवीस तास, सगळं तिथूनच मोजलं जातं.