फ्रोदी राजाच्या जात्याच्या मापाने पाहिलेली घरघंटी

गेल्या दिवाळीनंतर आम्ही दगडी पाळ्यांची घरघंटी घेतली. सोलापुरात ज्वारीचे दळण हा विषय चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. पीठ बिघडले की भाकरी थापतानाच कडेने चिरते आणि घरातले सगळे आधी गिरणीला बोल लावतात. सहा महिने वापरल्यावर या यंत्राविषयी लिहायला बसलो, तेव्हा मला सारखा डेन्मार्कचा पुराणकथांतला राजा फ्रोदी आठवत राहिला, कारण जात्याचा धनी नेमका कुठे चुकतो हे त्याच्या कथेइतके स्पष्ट मी दुसरीकडे कुठे वाचलेले नाही.

आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसनने १२२०च्या सुमारास रचलेल्या गद्य एड्डा या नॉर्स पुराणकथांच्या ग्रंथात ही कथा येते, आणि तीही सोन्याला कवी ‘फ्रोदीचे पीठ’ का म्हणतात या प्रश्नाचे उत्तर म्हणून. फ्रोदी हा ओदिन देवाच्या वंशातला, डेन्मार्कचा राजा स्क्योल्ड याचा नातू. त्याच्या राज्यात इतकी शांतता होती, की बापाचा किंवा भावाचा मारेकरी समोर आला तरी कोणी त्याच्यावर हात उचलत नसे, आणि येलिंगच्या माळावर सोन्याची एक अंगठी कितीतरी दिवस पडून राहिली तरी कोणी ती उचलली नाही. पुढे स्वीडनच्या फ्योल्निर राजाकडे पाहुणा म्हणून गेलेल्या फ्रोदीने फेन्या आणि मेन्या या दोन धिप्पाड दासी विकत आणल्या आणि ग्रोत्ती नावाच्या जात्याला जुंपल्या. त्याच्या पाळ्या एवढ्या अवजड होत्या, की तोवर त्या कोणालाच फिरवता आल्या नव्हत्या. जाते मात्र असे, की दळणारा जे मागेल ते त्यातून पडे. राजाने सोने, शांतता आणि सुख दळून घेतले. विसावा दिला तो फक्त कोकीळ गप्प राहील तेवढा. आपल्याकडे पहाटे जात्यावर बसलेल्या बायांनी ओव्यांमधून माहेर आणि विठ्ठल आळवला. या दोघींनी गात गात फ्रोदीवर चालून येणारे सैन्य दळले. त्याच रात्री समुद्रावरचा लुटारू राजा म्यूसिंग आला आणि त्याने फ्रोदीला ठार मारले.

आमच्या यंत्राची परीक्षाही विसाव्यापाशीच झाली. सोबतच्या पुस्तिकेत तासभर दळल्यावर अर्धा तास मोटार बंद ठेवावी, असे स्पष्ट लिहिले आहे. मे महिन्यात, पारा चाळिशीपुढे असताना, घरी पाहुणे यायचे म्हणून मी सलग तीन डबे ज्वारी दळायला घातली. दुसरा डबा संपत आला तेव्हा मोटारीला जळका वास सुटला आणि पिठात हात घातला तर उन्हातल्या वाळूसारखे ते चटका देत होते. आईने चिमूटभर पीठ बोटांत चोळून, “दळून आणलंस की भाजून?” एवढेच विचारले. त्या पिठाच्या भाकरीला उकळते पाणी घालूनही चिकटपणा आला नाही. ती चूक यंत्राची नव्हती, तेव्हा त्याचे गुण मी कापत नाही.

एरवी, म्हणजे कोकिळेपेक्षा जास्त उसंत दिली तर, हे यंत्र खरोखर उत्तम दळते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचे तीन किलो दळण पंचवीस मिनिटांत होते, पीठ कोमट राहते आणि भाकरी परातीत हाताबरोबर गोल फिरते. कडक भाकरीसाठी ती पातळ थापताना तर हा फरक लगेच कळतो. बाजरीही चांगली निघते. भाजणी मात्र किंचित भरड येते. आवाज बराच आहे. खाली सोलापुरी चादरीची चौपदरी घडी घातल्यापासून फरशीचा थरथराट थांबला.

तक्रार आहे ती विक्रीनंतरच्या सेवेची. चार महिन्यांनी पाळ्या गुळगुळीत होऊन दळण रेंगाळू लागले, तेव्हा कंपनीचा माणूस अकरा दिवसांनी आला आणि पाळ्याच बदलून घ्या म्हणाला. शेवटी जुन्या ओळखीच्या पाथरवटाकडून पाळ्यांना टाकी लावून घेतली, म्हणजे छिन्नीने त्या पुन्हा खडबडीत करून घेतल्या. त्याचे काम पाऊण तासात झाले आणि पीठ पूर्ववत पडू लागले. दगडी पाळ्यांचे यंत्र विकणाऱ्याला टाकीची सोय नसावी, हे मला पटले नाही. पाचांपैकी साडेतीन गुण देतो. टाकीची सोय असती तर साडेचार दिले असते.

पुस्तिकेत ओले धान्य, शेंगदाणे आणि मीठ दळू नये, अशी सूचना आहे. म्यूसिंगने नेमके तेच केले होते. ग्रोत्ती आणि दोघी दासी जहाजावर घालून त्याने मीठ दळायला लावले. मध्यरात्री त्यांनी, आता मीठ पुरे झाले का, असे विचारले, तरी तो दळत राहा म्हणाला, आणि थोड्याच वेळात जहाज बुडाले. जात्याच्या तोंडातून पाणी आत जाते तिथे आजही भोवरा आहे आणि समुद्र तेव्हापासून खारट आहे, असे कथा सांगते. आमच्याकडे सैंधव अजून खलबत्त्यातच कुटले जाते.