ओपन कॅमेरा: वावरातला सूर्यास्त टिपायला शिकणाऱ्यांसाठी

सूर्यास्ताचे फोटो शिकायचे म्हणून महागडा फोन घ्यायचा विचार असेल, तर आधी ओपन कॅमेरा हे ॲप टाकून बघा. अँड्रॉइडवर फुकट, जाहिराती नाहीत. आयफोनवर मात्र चालत नाही.

पूर्णेच्या खोऱ्यात पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) वर क्षितिजाची एक सरळ रेघ असते. ती किंचित कलली तरी अख्खं वावर घसरतंय असं वाटतं. म्हणून सेटिंग्जमध्ये जाऊन कोन दाखवणारी रेघ आधी सुरू करावी. फोन समतल झाला की तिचा रंग बदलतो. फोटो आपोआप सरळ करण्याचीही सोय आहे, पण त्यात कडा कापल्या जातात. त्यापेक्षा हातच सरळ धरायची सवय लावलेली बरी.

मग तीन बाय तीनची जाळी. ढग भरून आले असतील तर क्षितिज खालच्या रेघेवर ठेवा. चैत्रात आभाळ कोरडं असतं, म्हणून नवशिके क्षितिज वर नेतात आणि खालचा काळा पट्टा अर्धा फोटो खातो. ओलिताच्या सऱ्यांत पाणी चमकत असेल तरच जमिनीला एवढी जागा द्यावी. भंडारा-गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर प्रतिबिंब पूर्ण दिसत असेल, तर क्षितिज बेलाशक मधोमध घ्या.

सर्वात कामाचं बटण म्हणजे एक्स्पोजरचं, म्हणजे फोटोतल्या उजेडाचं, कुलूप. सूर्याच्या बाजूच्या आभाळावर बोट टेकवा, उजेड थोडा कमी करा, कुलूप लावा, मग फ्रेम जुळवा. कुलूप नसेल तर फ्रेममध्ये काळी जमीन वाढताच कॅमेरा उजेड वाढवतो आणि केशरी आभाळ पांढरं पडतं.

बंडीची (बैलगाडीची) सावली-आकृती घेताना फोन गुडघ्याएवढा खाली आणा. सपाट जमिनीवर क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्याच उंचीवर दिसतं. उभ्याने फोटो काढला तर ते बैलांच्या पाठीवरून जातं आणि शिंगांखालचं सगळं काळ्यात बुडतं. धुरकरी (बंडी हाकणारा) आणि बैल यांच्या मधून आभाळ दिसेपर्यंत बाजूला सरका. विजेच्या तारा तेव्हाच फ्रेमबाहेर काढाव्यात.

सूर्य आभाळात जेमतेम अर्धा अंश रुंद, त्यामुळे साध्या लेन्समध्ये तो टिकलीएवढाच येतो. सूर्य मोठा हवा असेल तर समोरच्या पळसापासून लांब जा आणि झूम करा. झाड तेवढंच राहतं, सूर्य मोठा होतो. इथेच ॲपची उणीव दिसते: काही फोनांत त्याला झूमची वेगळी लेन्स वापरता येत नाही आणि फोटो दाणेदार होतो. तसा फोन असेल तर झूमसाठी फोनचाच कॅमेरा बरा. अंधारून आल्यावरही बहुतेक फोनांचा स्वतःचा कॅमेरा सरस ठरतो.

बिंब टेकल्यापासून बुडेपर्यंत सव्वादोन-अडीच मिनिटंच मिळतात, आणि उन्हाळ्यात धुळीमुळे ते टेकण्याआधीच विरतं. जाळी, रेघ, उजेड हे सगळं सूर्य दोन बोटं वर असतानाच लावून ठेवा.