इन्स्टंट यीस्टचं अर्ध्या किलोचं पाकीट: सोलापूरच्या उन्हात टिकतं का?

पावचटणीचे पाव घरीच करायला लागल्यापासून आमच्याकडे यीस्टचा खप वाढलाय. आधी पेठेतल्या एका दुकानातून सुटं यीस्ट आणायचे, पुडीत बांधलेलं. निम्म्या वेळा फुगायचंच नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणे, "ताई, तुमचं पीठच घट्ट झालं असंल की ओ." शेवटी व्हॅक्यूम केलेलं पाकीट घेतलं.

विकत घेताना दाबून बघा. एकदम कडक लागलं पाहिजे. मऊ लागलं तर आत हवा शिरलीय, दुकानातच परत ठेवून द्या. कात्री लावली की फस्स करून पाकीट सैल पडतं आणि आतले बारीक, लांबट, बदामी कण मोकळे होतात. वास आंबूस, पण उग्र नाही. घटक दोनच छापलेत: यीस्ट आणि सॉर्बिटन मोनोस्टिअरेट (एक इमल्सिफायर).

छापलेलं नाही ते असं, की यीस्टच्या पेशींना वाळवण्याआधी मुद्दाम उपाशी ठेवलेलं असतं. मी कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवते, त्यामुळे माझं लक्ष तिकडंच जातं. बेकरी यीस्ट वाढवतात मळीवर, आणि आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने कमी नाहीत, तेव्हा मळी काय असते ते इथं सांगायला नको. शेवटच्या टप्प्यात नत्राचा पुरवठा आखडता घेतात. तिथून पुढं पेशीत जे घडतं त्यावर हे पाकीट चालतं.

खाणंपिणं मुबलक असताना यीस्टची एक पेशी मिनिटाला सुमारे 2000 रायबोसोम, म्हणजे प्रथिनं तयार करणारी बारीक यंत्रं, बनवते. अन्न आटलं की टॉर आणि पीकेए ही दोन नियंत्रक प्रथिनं ढिली पडतात आणि रायबोसोमची जनुकं बंद होऊ लागतात. पावसानं दडी मारल्यावर आपल्याकडं पेरणी थांबवून कणगी राखतात, तसाच हा हिशेब. एरवी पेशीद्रवात थांबवून ठेवलेली एमएसएन2 आणि एमएसएन4 ही प्रथिनं केंद्रकात शिरतात आणि ताणाला तोंड देणारी जनुकं चालू करतात. त्यातलीच काही ट्रेहॅलोज नावाची साखर बनवतात. चांगल्या यीस्टमध्ये ती कोरड्या वजनाच्या 10 टक्क्यांवर असते, आणि पाणी निघून गेल्यावर पेशीचं पटल आणि प्रथिनं तीच सांभाळते. हा बदल किरकोळ नाही. 1997 साली स्टॅनफर्डच्या गटानं ग्लुकोज संपत जाताना यीस्टची जवळजवळ सगळी जनुकं एकदम तपासली, तेव्हा सुमारे 710 जनुकांचे संदेश दुपटीहून वाढले आणि 1030 च्या आसपास जनुकांचे निम्म्याखाली आले होते.

म्हणून उपाशी न ठेवता घाईनं वाळवलेलं यीस्ट कितीही ताजं असलं तरी माझ्या लेखी हलकंच. या पाकिटातलं नीट उपाशी ठेवलेलं असणार, कारण कोमट साखरपाण्यात टाकल्यावर थोड्याच वेळात फेसाचा जाड थर वर येतो. साखर मिळाली की पेशी ट्रेहॅलोज मोडायला लागतात, एमएसएन2 केंद्रकाबाहेर पडतं, रायबोसोमचं काम पुन्हा सुरू होतं. एकदा भिजवलेलं यीस्ट म्हणूनच पुन्हा वाळवून ठेवता येत नाही. वाळणं सोसायची ताकद तेवढ्यात गेलेली असते. फ्रिजमधलं गार पाणीही नको, कोरड्या पेशींचं पटल त्यात गळतं आणि पीठ सैल होतं. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी मात्र आधी हाताला लावून बघा. आपल्याकडं ते कोमटाच्या पुढं गेलेलं असतं.

आता तक्रार. घरच्या वापराला अर्धा किलो फार होतं. उघडल्यावर लगेच घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून फ्रीजरमध्ये टाकावं लागतं, आणि चमचा कोरडाच हवा. ओट्यावर ठेवलेलं आमच्या शेजारच्या काकूंचं यीस्ट उन्हाळा संपायच्या आत गेलं. शिवाय पाकिटावरची तारीख इतकी फिकट छापलीय की दुकानातल्या उजेडात वाचताच येत नाही. गोड बनसाठी हे घेऊ नका, जास्त साखरेच्या पिठाला वेगळं यीस्ट मिळतं.

साध्या पावाला पाचपैकी चार. सुट्या पुडीला एकही नाही.