"गॅरंटीड आयओपीएस"च्या नावाखाली माझे 2,54,880 रुपये गेले. नागपूरच्या मंडळींनो, डेमो रविवारी घेऊ नका

आधी हिशोब. होस्टिंगवाल्याकडून भाड्याने घेतलेली चार व्हर्च्युअल मशीन (मोठ्या सर्व्हरचे वाटून दिलेले भाग), प्रत्येकी महिना 3,500, वर्षाचे 1,68,000. त्यावर "गॅरंटीड 500 आयओपीएस" (डिस्क सेकंदाला वाचण्या-लिहिण्याची किती कामं करते तो आकडा) म्हणून मशीनमागे महिना 1,000, म्हणजे आणखी 48,000. वर 18 टक्के जीएसटी, 38,880. एकूण 2,54,880, एकरकमी, आगाऊ, एनईएफटीने.

मी या धंद्यात नवखा नाही. अकरा वर्षं इतवारी आणि कळमन्याच्या व्यापाऱ्यांची बिलिंग सॉफ्टवेअरं सांभाळतो. शेअर्ड स्टोरेजवर, म्हणजे अनेक मशीनच्या सामाईक डिस्कवर, शेजारच्या मशीनने बॅकअप लावला की आपलं मशीन लटकतं, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तेच टाळायला तर 48,000 वेगळे मोजले!

होस्टिंगवाला रविवारी संध्याकाळी माझ्या ऑफिसात आला. लॅपटॉप उघडला, डीडी या फाइल लिहिणाऱ्या कमांडने 1 जीबीची फाइल लिहून दाखवली. स्क्रीनवर आकडा आला, सेकंदाला 1.9 जीबी. "बघा दादा, एसएसडी म्हणजे एसएसडी." मी मान डोलावली. तो आकडा अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. कोटेशनमध्ये साटा एसएसडी, म्हणजे साटा जोडणीची, न फिरणारी वेगवान डिस्क, लिहिलं होतं. साटाची लाइनच 6 गिगाबिटची, त्यातून सेकंदाला फार तर 600 एमबी जाणार. मग तिच्या तिप्पट वेग आला कुठून? रॅममधून. मशीनला 8 जीबी रॅम, फाइल 1 जीबीची, कमांडमध्ये रॅम टाळून थेट डिस्कवर लिहिणारा डायरेक्टचा पर्याय लावलेला नाही. आकडा दिसला तेव्हा डिस्कवर जवळजवळ काहीच गेलं नव्हतं. हे सगळं मला येतं. पण आईला त्याच सकाळी धंतोलीच्या दवाखान्यात भरती केलं होतं आणि जुन्या होस्टिंगची मुदत मंगळवारी संपत होती. माझ्या जागी कोणीही असता तर सही केली असती, असं मी स्वतःला रोज सांगतो.

आणि रविवार. व्यापाऱ्यांची दुकानं बंद, स्टोरेज रिकामं. त्याने वार मुद्दाम निवडला होता. डेमो मागायचा तर कामाच्या दिवशी सकाळी अकराला मागा, शक्यतो 20 तारखेला, जीएसटीआर-3बी या जीएसटी विवरणपत्राच्या गर्दीत. फाइल रॅमच्या दुप्पट ठेवा, एफआयओ या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅमने 4केबी रँडम (छोटे तुकडे, वाटेल त्या जागी) टेस्ट तासभर चालवा, आणि कमांड स्वतःच्या हाताने टाइप करा.

पहिल्याच 20 तारखेला कळमन्याच्या मिरचीवाल्या काकांचा फोन आला. एक बिल छापायला चार मिनिटं लागत होती, बाहेर ट्रक भरून उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. मी डिस्कचा भार दाखवणारं आयओस्टॅट लावलं. सीपीयू मोकळा, आणि डिस्कचा अवेट, म्हणजे एका कामाला लागलेली वेळ, 380 मिलिसेकंद! होस्टिंगवाल्याला फोन केला तर उत्तर, "दादा, तुमच्या सॉफ्टवेअरमध्येच प्रॉब्लेम आहे." तीन आठवडे मी माझ्याच डेटाबेसचे इंडेक्स उकरत बसलो. काकांची बोलणी मी खाल्ली.

मग एका रात्री तीन वाजता, सगळं शांत असताना, एकेका रीडची वेळ मोजणारं आयओपिंग चालवलं. प्रत्येक रीडला 11 ते 13 मिलिसेकंद. एसएसडीला एक मिलिसेकंदही लागत नाही. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या डिस्कला अर्ध्या फेरीला सव्वाचार आणि हेड सरकायला आठ-नऊ लागतात. बेरीज करा. अशी एक डिस्क सेकंदाला जेमतेम 80 रँडम कामं करते. मला चार मशीनवर मिळून विकलेल्या 2,000 आयओपीएससाठी तशा 25 डिस्क एकट्या माझ्यासाठी लागल्या असत्या.

व्हिडिओ कॉलवर त्याच्याकडून स्क्रीन उघडी राहिली, तेव्हा मी स्क्रीनशॉट घेतला. एकाच डेटास्टोअरवर, म्हणजे एकाच सामाईक डिस्क-साठ्यावर, 61 मशीन. सगळ्यांचे शेअर्स (गर्दीत कोणाला किती वाटा) नॉर्मल, म्हणजे 1000. स्टोरेज आयओ कंट्रोल बंद. ही सोय व्हीएमवेअरमध्ये, म्हणजे अशी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, 2010 मध्ये आली. लेटन्सी, म्हणजे एका कामाला लागणारी वेळ, ठरलेल्या मर्यादेपुढे गेली की ती शेअर्सच्या प्रमाणात डिस्क वाटून देते. याने ती लावलीच नव्हती. माझ्या मशीनवर होतं काय, तर 500 ची लिमिट. लिमिट म्हणजे 500 च्या वर मिळणार नाही. 500 मिळतीलच असं त्यात कुठेही नाही. गॅरंटी हवी तर रिझर्व्हेशन, म्हणजे राखून ठेवलेला वाटा, दाखव म्हणावं. म्हणजे माझंच मशीन अडवून ठेवण्याचे 48,000 त्याने माझ्याकडूनच घेतले. कोटेशनवर "गॅरंटीड", आणि पैसे गेल्यावर आलेल्या इनव्हॉइसवर "500 पर्यंत". इनव्हॉइस आधी मागा.

पोलीस ठाण्यात गेलो. साहेब म्हणाले, "मशीन चालू आहे ना? मग फसवणूक कसली?" भारतीय न्याय संहितेचं कलम 318 मी स्वतः काढून दाखवलं. "हे दिवाणी प्रकरण आहे." सायबरवाल्यांकडे पाठवलं. तिथे विचारलं, ओटीपी दिला का, लिंक दाबली का? नाही. पैसे स्वतःच पाठवले? हो. मग परत ठाण्यात जा. पाच चकरा झाल्या. दर वेळी नवा माणूस, दर वेळी आयओपीएस म्हणजे काय इथून सुरुवात. शेवटच्या चकरेत माझ्या अर्जावर चहाचा कप ठेवलेला होता. सोन्याच्या नावाने पितळ विकलं तर समजतं, एसएसडीच्या नावाने फिरती डिस्क विकली तर का समजत नाही? ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर "व्यावसायिक वापर" म्हणून कागद परत केला. 2019 च्या कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला सूट आहे, हे मी सांगितलं. ऐकून घ्यायलाही कोणी तयार नाही. तुम्हाला तिथे जावं लागलं तर कलम 2(7) चं स्पष्टीकरण छापून न्या आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका.

करारात आयओपीएस लिहून घेऊन भागत नाही. लेटन्सी लिहून घ्या: 4केबी रँडम, कामाच्या वेळेत, 20 मिलिसेकंदांच्या आत, नाहीतर त्या महिन्याचे पैसे परत. वर्षाचे आगाऊ देऊ नका, तीन महिन्यांच्या वर तर नाहीच.

वकिलाच्या नोटिशीला 5,000 गेले. उत्तर नोटिशीला आलं नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर आलं: "दादा, 20,000 देतो, विषय संपवा." मी नाही म्हटलं. चारही मशीन दुसरीकडे हलवली आहेत, मिरचीवाले काका मात्र परत आले नाहीत. त्या माणसाने मागच्या आठवड्यात गांधीबागेत माझ्या ओळखीच्या कापडवाल्याला तेच कोटेशन दिलं. डेमो रविवारी ठरलाय.