सावंतवाडीत राहायला येऊन: एक पावसाळा, एक चतुर्थी आणि थंडीनंतरचा अनुभव

सावंतवाडी राहायला फार चांगली आहे. फक्त मोठं आजारपण आणि पोटापाण्याची सोय, या दोन गोष्टींचा विचार पक्का करूनच यावं. बाकी जे काही सोसावं लागतं ते सवयीने जमतं.

आम्ही ऐन उन्हाळ्यात पुण्याहून सामान हलवलं. घरात मी, नवरा, पाचवीतला मुलगा आणि सासूबाई. आम्हा दोघांचंही काम घरून चालतं, म्हणून हे शक्य झालं. आता पूर्ण पावसाळा, चतुर्थी, दिवाळी आणि थंडी इथे काढल्यावर लिहिते आहे. मे महिन्यात आंबे खायला आलेल्या पाहुण्याला हे गाव जसं दिसतं, त्याहून ते बरंच वेगळं आहे.

सुरुवात तलावापासूनच करायला हवी. मोती तलाव 1874 साली बांधलेला. त्याच्या एका अंगाला राजवाडा, दुसरीकडे बाजार, आणि सगळं गाव त्याच्याभोवती वसलेलं. तलाव म्हटलं की गावाबाहेरचं सहलीचं ठिकाण डोळ्यांसमोर येतं, इथे तसं नाही. बँकेत जा, भाजीला जा, मुलाला क्लासला सोडा, वाटेत पाणी लागतंच. पहाटे फिरायला येणारे, दुपारी पंचम खेमराज कॉलेजमधून सुटलेली मुलं, संध्याकाळी केशवसुत कट्ट्यावर बसलेली म्हातारी माणसं, रात्री जेवून शतपावलीला निघालेली कुटुंबं, अशी त्या काठाची दिवसभराची पाळी लागलेली असते. बसायला पैसे पडत नाहीत आणि काही विकत घ्यावं लागत नाही. पुण्यात आमच्या सासूबाईंचं जग सोसायटीच्या आवारातल्या बाकापर्यंत होतं. इथे त्या रोज साडेपाचला एकट्या चालत जातात. त्यांचा पाच-सहा बायकांचा गट झाला आहे. एखाद्या दिवशी गेल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी "काल खंय होतास?" अशी चौकशी होते. मला विचाराल तर राहायला यायचं सगळ्यात मोठं कारण हेच. राजवाडा, निसर्ग, मासे हे सगळं त्यानंतर.

तलावाच्या तक्रारीही आहेत. संध्याकाळी काठावरच्या रस्त्याला गाड्यांची इतकी गर्दी होते की म्हाताऱ्या माणसाचा हात धरून रस्ता ओलांडावा लागतो. सुट्टीच्या दिवशी बाहेरच्या गाड्या कशाही लावलेल्या असतात, आणि खाऊच्या गाड्यांवरचे कागद, प्लास्टिकचे चमचे पाण्यात जातात. गाळ काढायला पाणी कमी केलं की काही दिवस चिखलाचा वास घरात येतो. काठावरचं घर बघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आम्ही दोन गल्ल्या आत राहतो आणि ते जास्त सोयीचं वाटतं.

गाव जुनं आहे, पण जुनेपण मिरवत नाही. सावंत-भोसल्यांचं हे संस्थान 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. तांबड्या चिऱ्याचा राजवाडा तिसऱ्या खेम सावंतांच्या काळचा, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. पण लोकांच्या तोंडी नाव असतं ते इथले राजे बापूसाहेब महाराज यांचं. त्यांच्या कारभाराला गांधीजींनी रामराज्य म्हटलं होतं, हे इथला कुठलाही जुना माणूस अभिमानाने सांगतो. ते 1937 मध्ये गेले, तरी बोलणं मात्र कालपरवा पाहिल्यासारखं. वाचनाचीही जुनी आवड आहे. श्रीराम वाचन मंदिरात दुपारी वर्तमानपत्रांच्या टेबलाशी जागा मिळायला थांबावं लागतं, आणि आमच्या मुलाला मोबाइलवेगळी अशी तिथलीच एक सवय लागली.

चितारअळीबद्दल, म्हणजे लाकडी खेळण्यांच्या गल्लीबद्दल, मात्र सविस्तर लिहिणार. सावंतवाडीची लाकडी खेळणी सगळ्यांना ठाऊक असतात: भातुकली, भोवरे, पाट, आणि खऱ्यासारखी दिसणारी लाकडी फळं. पर्यटक दुकानातून पिशवी भरून निघून जातो. इथे राहिल्याचा फायदा असा की काम बघायला मिळतं. एका कारागिराकडे मी मुलाला घेऊन बरेचदा जाते. ते पायरीवर बसू देतात, फक्त हात पुढे करायचा नाही. चरकावर पांगाऱ्याचा तुकडा गरगर फिरतो, पटाशी लागली की भुसा मऊ केसांसारखा गळत राहतो. आकार झाला की फिरत्या लाकडालाच लाखेची रंगीत कांडी टेकवतात. घासण्याच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पट्टा उमटतो, ब्रश लागत नाही. मग केवड्याचं पान दाबून धरतात, आणि मघाशी खरखरीत दिसणारा तो लाल पट्टा बघता बघता काचेसारखा चकाकू लागतो. मुलगा पहिल्यांदा तिथे श्वास रोखून बसला होता. अशी कामं करणारी घरं आता थोडीच आहेत. दुकानात सगळा माल इथलाच असतो असंही नाही. "हे इथे केलेलं आहे का?" असं सरळ विचारा, चांगले दुकानदार खरं सांगतात. दोन पैसे जास्त पडले तरी इथलं घ्या, कारण ते पैसे ज्या हातात जायला हवेत त्याच हातात जातात.

गंजिफांचंही तसंच. दशावतारी गंजिफा म्हणजे खेळायचे हाताने रंगवलेले गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत बारा पानं, एकूण 120. ही कला मरायला टेकली होती. राजवाड्यातल्या दरबार हॉलमध्ये कारागीर बसवून ती जगवली ती राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनी. आजही तिथे गेलं की एकेका पानावर मत्स्य, कूर्म, वराह रंगवणारी माणसं दिसतात. बोटाच्या पेराएवढी मूर्ती आणि तिच्या हातातलं शस्त्रसुद्धा स्पष्ट. पूर्ण संच आम्हाला परवडण्यातला नाही, सुटी पानं घेऊन ठेवली आहेत. राजवाड्याचा काही भाग आता हॉटेल झाला आहे. घरी पाहुणे आले की त्यांना हॉटेलचं कौतुक असतं, मी त्यांना आधी दरबार हॉलमध्ये नेते.

आता पाऊस. ज्यांनी कोकणातला पावसाळा घरात बसून काढलेला नाही, त्यांनी हा परिच्छेद नीट वाचावा. आमचं घर चिऱ्याचं, कौलारू, वर माडी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून कपडे वाळणं बंद होतं. चामड्याची चप्पल, पर्स, पुस्तकांच्या पाठी, लाकडी कपाटाची मागची बाजू, सगळीकडे बुरशी. मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात. वीज जाते, कारण तारा झाडांतून गेलेल्या असतात आणि वाऱ्याने फांदी पडली की लाइनमन भर पावसात ती तोडेपर्यंत वाट बघायची. घरून काम करणाऱ्यांनी इन्व्हर्टर घेतल्याशिवाय येऊ नये, आणि इंटरनेट दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं ठेवावं. आमचं एक कनेक्शन जुलैत सलग काही दिवस बंद होतं, फोन उचलायलाही कोणी तयार नव्हतं. दुसरं होतं म्हणून नोकरीची अडचण झाली नाही. शेजारच्या काकी मात्र मोठा आधार. आभाळ भरलं की त्यांच्या पडवीतून हाक येते, "गो, कपडे काढ, पावस इलो!" मी मीटिंगमध्ये असले तर त्या स्वतःच काढून घडी घालून ठेवतात. बुरशीवरचे त्यांचे उपाय, म्हणजे कपाटात कापूर, पुस्तकांत सुकी कडुलिंबाची पानं आणि रोज संध्याकाळी धूप, हे दुकानातल्या कुठल्याही पुडीपेक्षा उपयोगी पडले.

या पावसाची दुसरी बाजू आंबोली. तासाभरात घाट चढून धुक्यात जाता येतं. शनिवार-रविवारी चुकूनही जाऊ नका, मधल्या वारी सकाळी जा.

खाण्याचं सांगायला लागले तर वेगळंच पान भरेल. मासे वेंगुर्ल्या-मालवणाकडून येतात, सकाळी लवकर बाजारात गेलं तर ताजे बांगडे, सुंगटं म्हणजे कोळंबी, कधी मोरी म्हणजे लहान शार्क. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा सगळी घरं सुक्या बांगड्यावर आणि गोलम्यावर, म्हणजे बारीक सुक्या कोळंबीवर, येतात. मेमध्येच ते वाळवून, डब्यात भरून ठेवायचे असतात, हेही काकींनीच शिकवलं. मंगळवारच्या आठवडा बाजारात आजूबाजूच्या गावांतल्या बायका गावठी भाजी घेऊन येतात: पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, अळू, पुढे कणगं, सुरण. पुण्यातल्या निवडलेल्या, पॅक केलेल्या भाजीनंतर ही चव लक्षात राहते.

आजारपणाचं आधी म्हटलं त्याप्रमाणे. साध्या तापाला, दातांना, मुलांच्या दुखण्याला इथे चांगले डॉक्टर आहेत आणि ते घरच्यासारखं बघतात. पण मेंदूचं, हृदयाचं, मोठ्या अपघाताचं काही झालं की सगळ्या तालुक्याच्या तोंडी एकच नाव येतं: बांबोळी. म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. सासूबाईंना एका रात्री छातीत दुखू लागलं. गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढून तिकडे न्यायला सांगितलं, आणि शेजारच्या मुलाने स्वतःची गाडी काढली. रात्रीच्या मोकळ्या रस्त्यालाही तास मोडला. सुदैवाने गंभीर नव्हतं. तो तास मात्र माझ्या डोक्यातून गेलेला नाही. ज्यांच्या घरी हृदयाचा पेशंट आहे, त्यांनी या एका कारणासाठी दहादा विचार करावा. आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याला स्वतःचं सरकारी मेडिकल कॉलेज मिळालं आहे. आजही रात्री दोन वाजता लोक गोव्याच्याच दिशेने धावतात, आणि दुसऱ्या राज्याच्या हॉस्पिटलवर एका अख्ख्या जिल्ह्याने जीव टांगून ठेवावा हे बरोबर नाही.

नोकऱ्यांचंही तेच. इथली तरुण मुलं सकाळी बाइकवरून गोव्यातल्या कारखान्यांत, हॉटेलांत, दुकानांत जातात आणि रात्री परततात. शिकलेली मुलं मुंबई-पुण्यात. आमच्यासारखी घरून काम करणारी मंडळी या गावाला परवडतात, पण गावातल्या मुलाला गावात काम मिळणं हा प्रश्न आमच्या येण्याने सुटत नाही. उलट भाडी वाढतात.

शाळा चांगल्या आहेत. मुलगा चालत जातो आणि चालत येतो, एवढं एक वाक्य पुण्यातल्या आयांना पुरेसं आहे. प्रवासाला सावंतवाडी रोड स्टेशन गावापासून थोडं लांब, मळगावला. कोकणकन्या, मांडवी आणि इथूनच सुटणारी तुतारी या गाड्या कामाच्या. टर्मिनसची मागणी लोक वर्षानुवर्षं करताहेत. गोव्यातला मोपा विमानतळ झाल्यापासून मुंबई-दिल्लीला जाणं सोपं झालं. महामार्ग गावाबाहेरून जातो, त्यामुळे ट्रकची वर्दळ गावात नाही, हे मोठंच सुख.

चतुर्थीत हे गाव खरं कळतं. मुंबईचे चाकरमानी उतरतात, वर्षभर बंद असलेल्या घरांचे दरवाजे उघडतात, माटवी, म्हणजे गणपतीवरची रानातली सजावट, बांधायला कांगले, हरणं, शेरवडं अशी रानफळं-रानफुलं शोधत मुलं रानात जातात. रात्री घरोघरी भजनं, एका घरातून दुसऱ्या घरात वाडीच्या वाडी फिरते, आणि उसळ-पाव खाऊन पहाटे घरी यायचं. आमच्याकडे गणपती नाही, तरी काकींनी आम्हाला सगळ्या घरांत नेलं. विसर्जनाला तलावाकाठी जमलेली माणसं पाहिली आणि मुलगा म्हणाला, आपण पुढच्या वर्षी गणपती आणूया. आणणार आहोत.

भाड्याने घर शोधणाऱ्यांसाठी थोडं. घर बघायचं तर जुलैत बघा. कुठली भिंत पाझरते, पडवीत किती पाणी येतं, विहिरीचं पाणी गढूळ होतं का, हे तेव्हाच दिसतं. मेमध्ये सगळीच घरं सुंदर असतात, पण विहिरीला तेव्हाही पाणी आहे ना, हे शेजाऱ्यांना विचारून घ्या. भाडं पुण्याच्या निम्म्याहून कमी पडतं. रिकामी दिसणारी बरीच घरं मुंबईकरांची असतात, आणि त्यांना ती चतुर्थीत आणि मेमध्ये स्वतःला हवी असतात. त्यामुळे करार करताना ते दिवस सोडून द्यावे लागतील का, निदान एखादी खोली मोकळी ठेवावी लागेल का, हे आधीच बोलून कागदावर घ्या. आमच्या घरमालकांनी माडीवरची एक खोली स्वतःकडे ठेवली आहे. चतुर्थीत ते सहकुटुंब आले, आठ दिवस आम्ही एकाच चुलीवर जेवलो, आणि जाताना पुढच्या वर्षाच्या भाड्यात वाढ नको म्हणाले.